ग्रंथपालांचे आचार्य

मराठ्यांचे राज्य आणि सरफोजी राजांचा सरस्वती महाल यांमुळे तंजावर हे नाव महाराष्ट्रास चिरपरिचित आहे. त्या काळच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी 1892 च्या ऑगस्ट महिन्यात शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म झाला. ते अवघे सहा वर्षांचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले. गावच्या शाळेतील शिक्षण संपवून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले आणि 1916 साली गणित विषय घेऊन एम. ए. झाले. बोलताना त्यांची जीभ अडखळत असे. अध्यापकाच्या व्यवसायात हे वैगुण्य केवढे मोठे! परंतु रंगनाथनांनी चिकाटीने त्यावर मात केली. प्रथम मंगळूर, मग कोइमतूर आणि अखेरीस मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे गणिताचे प्राध्यापक म्हणून ते विद्यार्थ्यांत रमून गेले.

याच सुमारास मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची एक जागा निर्माण केली. तिच्यासाठी सुमारे 900 अर्ज आले; परंतु त्या अर्जदारांपैकी एकानेही ग्रंथपालनाचे शिक्षण घेतलेले नव्हते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला होता आणि ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही काढला होता. असा उपक्रम देशात क्वचितच आढळे. ग्रंथपालन ही शिकण्यासारखी विद्या आहे, याची जाणीव फारच थोड्यांना होती. मित्रांच्या आग्रहास्तव रंगनाथनांनीही अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

1924 च्या जानेवारीत ते कामावर रुजू झाले. मात्र तेथे फळा नव्हता, प्रश्न विचारणारी मुले नव्हती आणि वाचकही विरळाच फिरकत. त्या निःशब्द दालनात त्यांचा जीव गुदमरू लागला. पुरता आठवडा लोटला न लोटला तोच ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले आणि गणिताच्या वर्गावर परत घेण्याची त्यांनी विनवणी केली. विद्यापीठ त्यांना अभ्यासासाठी इंग्लंडला पाठविणार होते. तिकडून परत आल्यावरही हे काम नकोसे वाटले, तर जागा मिळेल, असे प्राचार्यांनी त्यांना सांगितले. एवढ्या आश्वासनावर नाखुशीनेच रंगनाथन बोटीत बसले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथपालनाची शाळा होती. तेथे त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. सेयर्स हे क्रॉयडन शहराच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि आपली विद्या तरुणांस शिकविण्याची त्यांना मनापासून आवड होती. या परदेशी नवशिक्याच्या अंगची तीव्र बुद्धी त्यांनी ओळखली आणि त्याला प्रोत्साहन दिले. मग रंगनाथन इंग्लंडभर हिंडले. शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. कामगार कामावरून घरी जाताना पुस्तक घेऊन जात आहेत, मुलांसाठी निराळे दालन राखलेले आहे, ग्रंथपाल वाचकाजवळ उभा राहून त्याला हवे ते शोधून देत आहे, हे सारे पाहून त्यांची दृष्टी पालटली. ग्रंथ कुलुपात जपण्यासाठी नसून समाजाच्या हाती जाण्यासाठी आहेत, हे त्यांना उमगले. ज्या कामाला ते कंटाळले होते, ते काम म्हणजे लोकशिक्षणच आहे, याची त्यांना खूण पटली.

एक अडचण मात्र त्यांच्या गणिती मनाला सतावू लागली. ग्रंथांचे वर्गीकरण करण्याच्या त्या वेळच्या पद्धतीत विषयांचे कप्पे आधीच आखलेले असत. एखाद्या ग्रंथात दोन-तीन विषय एकत्र आले, तर तो कोणत्या कप्प्यात ठेवावा? या विचारात असताना लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. विक्रेता त्याच पट्ट्या, तीच चाके आणि तेच स्क्रू निरनिराळ्या रीतीने जोडून नवनवी खेळणी तयार करीत होता. रंगनाथनांना युक्ती सुचली. विषयाचेही असेच सुटे भाग करावेत आणि ग्रंथ समोर येईल तसे ते जोडावेत. हे भाग जोडण्यासाठी त्यांनी दोन टिंबांचे कोलन हे चिन्ह योजले. परतीच्या प्रवासात बोटीवरील लहानशा ग्रंथालयातच त्यांनी आपल्या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला. पुढे 1933 साली ही पद्धती कोलन वर्गीकरण या नावाने प्रसिद्ध झाली.

1925 मध्ये रंगनाथन मद्रासला परतले, ते जुनी जागा मागण्यासाठी प्राचार्यांकडे गेलेच नाहीत. त्यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली आणि ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या. आपल्याला ही विद्या शिकण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावे लागले. पुढच्या तरुणांना ती आपल्या देशातच मिळावी, ही तळमळ त्यांना लागली. 1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि ते तिचे चिटणीस झाले. 1929 पासून संघाने ग्रंथपालनाचा वर्ग चालविला. लवकरच तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा उपयोग व्हावा, वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय नित्य वाढत राहावे, असा त्या पाच सूत्रांचा आशय आहे. या ग्रंथाला सेयर्स यांनी प्रास्ताविक लिहिले. शिष्याच्या कार्यावर गुरूने उमटविलेली ती पसंतीची मुद्राच होती.

मद्रास सोडल्यावर ते काशी हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे 1 लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी एकट्याने केले. 1947 पासून दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन 1948 मध्ये मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला.

आता त्यांची कीर्ती देशाबाहेर पसरली होती. आंतरराष्ट्रीय प्रलेखन महासंघाच्या वर्गीकरणविषयक समितीची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. 1952 मध्ये लंडनमध्ये वर्गीकरणाच्या संशोधनासाठी एक मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्यातील अभ्यासकांनी रंगनाथनांच्याच विचारांचा आधार घेतला. ज्या नगरात ते नवशिके म्हणून आले होते, तेथील अभ्यासक आता त्यांच्याकडून शिकू लागले. 1957 मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते ज्येष्ठ आचार्य म्हणून उपस्थित होते.

रंगनाथनांची राहणी अत्यंत साधी होती. काटकसर करून साठविलेले 1 लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी अर्पण केले आणि त्या देणगीला पत्नी शारदाबाईंचे नाव दिले. 1962 मध्ये त्यांनी बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. तरुणांनी केवळ आपल्याच ग्रंथालयाच्या चार भिंती पाहू नयेत. जगातील विद्वानांशी विचारविनिमय करावा आणि त्यांच्या बरोबरीने संशोधन करावे, हा त्यांचा कटाक्ष असे. शारदा रंगनाथन व्याख्यानमालेसाठी 1967 मध्ये अमेरिकेचे प्राध्यापक जेसी शेरा आले, ते याच हेतूने.

1957 मध्ये पद्मश्री आणि 1965 मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. 27 सप्टेंबर 1972 रोजी बंगळूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1975 च्या जानेवारीत, वर्गीकरणाची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईस भरली आणि देशोदेशींचे अभ्यासक भारतात आले. एके काळी ज्या देशातील 900 अर्जदारांत एकही शिक्षित ग्रंथपाल नव्हता, तो देश आता जगातील ग्रंथपालांचा यजमान झाला होता.

12 ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. क्रॉयडनच्या एका ग्रंथपालाने दूर देशाहून आलेल्या नवशिक्याला आपली विद्या हातचे न राखता दिली. ते ऋण रंगनाथनांनी गुरूला परत केले नाही. ते त्यांनी आपल्यामागून येणाऱ्या तरुणांना दिले. विद्येचे ऋण असेच फेडावयाचे असते.