नाशिकच्या बॅरिस्टरबाई

दर वर्षी स्मरणिकेसाठी मी एखादी पाककृती नाहीतर एखाद्या यात्रेचे वर्णन लिहून देते. यंदा एका बाईंचे चरित्र सांगणार आहे. त्यामागे थोडे प्रायश्चित्तही आहे. ते कशाचे, हे शेवटी सांगेन. भगिनींनी तोवर धीर धरावा.

शरणपूर रस्त्याने आपण सगळ्याच भाजीला, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत जातो. एकोणिसाव्या शतकात या शरणपुरात ख्रिस्ती मिशनची वस्ती होती. मिशनच्या कामासाठी नाशिकला राहिलेल्या सोराबजी खरसेटजी यांच्या घरी १५ नोव्हेंबर १८६६ रोजी एक मुलगी जन्मली. तिचे नाव कॉर्नेलिया. वडील जन्माने पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना हिंदी, पण एका इंग्रज दांपत्याने मुलीसारखी वाढवलेली. पारशांना हे घर आपले वाटेना, हिंदूंना परके वाटे, आणि इंग्रजांच्या दृष्टीने ते नेटिवच. सगळ्यांच्या उंबरठ्यावर उभे राहायचे आणि कुणाच्या माजघरात जायचे नाही, ही सवय कॉर्नेलियाला अशी लहानपणीच लागली.

पुढे हे कुटुंब पुण्याला स्थायिक झाले. आईने तेथे शाळा काढली आणि तीत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसवली. स्त्रियांना आपल्याच मालमत्तेबद्दल काही ठाऊक नसते, त्यामुळे त्या कशा नाडल्या जातात, हे कॉर्नेलियाने आईकडे गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकले. आपण वकील व्हायचे, हे बीज तिथे पडले.

कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकू लागली तेव्हा वर्गातली काही मुले ती येताना दिसली की दार लावून घेत. तरीही ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि तीही पहिल्या वर्गात. त्या निकालावर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण ती पुरुषांसाठी होती, म्हणून नाकारली गेली. हा प्रश्न पार्लमेंटातही निघाला, पण शिष्यवृत्ती काही मिळाली नाही. मधल्या काळात तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना शिकवले. अखेर लेडी हॉबहाऊस यांच्या पुढाकाराने इंग्लंडात निधी जमला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांनीही त्यात हातभार लावला, आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल संस्थेत दाखल झाली.

कायद्याच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा पुन्हा तेच. एका बाईची परीक्षा पुरुषांबरोबर घ्यायची कशी? स्वतंत्र खोलीत बसावे, असे सुचवण्यात आले. बाईंनी हट्ट धरला की परीक्षा एक तर सगळ्यांबरोबर एकाच दालनात देईन. विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली आणि १८९२ साली ऑक्सफर्डच्या कायद्याच्या परीक्षेला बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मात्र पदवी हातात पडली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे १९२० साली मान्य केले, आणि कॉर्नेलियाबाईंना आपली पदवी मिळाली ती १९२२ साली. परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनी! आपल्याकडे तेवढ्या काळात मुलीची मुलगी लग्नाला येते.

परीक्षेनंतर त्यांनी लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटरांच्या पेढीत काम शिकायला सुरुवात केली. भगिनींनो, या पेढीजवळ मी क्षणभर थांबते. त्या काळी इंग्लंडात बाईला सॉलिसिटर होता येत नव्हते. पहिली स्त्री सॉलिसिटर त्यानंतर तीस वर्षांनी, १९२२ साली झाली. म्हणजे बाईंना तिथे बसण्याची मुभा होती, शिकण्याची होती, पण त्या पेढीच्या कधी होऊ शकत नव्हत्या. पाहुणीला पाट मांडतात, तसे ते होते.

१८९३ साली त्या हिंदुस्थानात परतल्या. मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. झाल्या, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या, तरी सनद नाही. १८९६ साली पुण्याच्या कोर्टात खुनाच्या एका खटल्यात त्या बचावासाठी उभ्या राहिल्या, पण वकील म्हणून नव्हे, तर कोर्टाने परवानगी दिलेली एक व्यक्ती म्हणून. एका संस्थानात त्यांनी चक्क एका हत्तीची बाजू मांडायला घेतली होती. हत्तीच्या नावे ठेवलेली जमीन हिरावली गेली होती, आणि न्याय करणारे राजेसाहेब झोपाळ्यावर बसलेले. राजेसाहेबांच्या कुत्र्याला बाई आवडल्या, म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला! ही गोष्ट बाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. वाचताना हसू येते, आणि मग वाटते, खटला तर जिंकला, पण या बाईने इतकी वर्षे शिकलेला कायदा ऐकला कुणी?

त्यांचे खरे काम सुरू झाले १९०४ साली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या भागांत पडद्यातल्या शेकडो जमीनदारिणी आणि राण्या होत्या. इस्टेटी लाखांच्या, पण परपुरुषापुढे जायचे नाही, म्हणून वकिलाशी बोलायचे नाही. दिवाणजी कागद आत पाठवणार, बाई न वाचता अंगठा उमटवणार, आणि बाहेर काय लिहिले गेले ते तिला कधीच कळणार नाही. अशा स्त्रियांसाठी सरकारने स्त्री कायदा-सल्लागार नेमावी, ही मागणी बाईंनी लावून धरली होती. अखेर कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांनाच नेमले. रेल्वे, नाव, पालखी, मिळेल त्या वाहनाने त्या खेडोपाडी जात, पडद्याच्या आत जाऊन कागद वाचून दाखवीत, वारसांची व्यवस्था लावीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांची मदत झाली, असे सांगतात. १९०९ साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

यातून मला एक गोष्ट उमजली. बाईला वकिलीत घेणे म्हणजे त्या बाईवर उपकार, असे आपण समजतो. पण कायद्याचे दार बाईला बंद होते, तेव्हा नुकसान एकट्या कॉर्नेलियाबाईंचे झाले नाही. पडद्याआडच्या ज्या स्त्रियांना आपले दुःख पुरुषाला सांगता येत नव्हते, त्यांचे झाले. पेढीत सगळ्या तऱ्हेची माणसे असली, तर दारात येणाऱ्या सगळ्या तऱ्हेच्या माणसांना आपले ऐकणारे कुणी भेटते.

१९२१ साली अलाहाबादने त्यांना सनद दिली. १९२३ साली कायदा झाला आणि देशभर स्त्रियांना वकिलीची मोकळीक मिळाली. दुसऱ्या वर्षी बाई कलकत्त्याला बॅरिस्टर म्हणून काम करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. आता तरी सुखाचे दिवस यावेत की नाही? पण त्यांच्या वाट्याला बहुतेक लेखी अभिप्राय तयार करण्याचे काम आले. कोर्टात उभे राहून बोलायला दुसरेच. दार उघडले होते, पण आतल्या पुरुषांची मने तशीच होती. १९२९ साली त्यांनी काम सोडले आणि लंडनला राहायला गेल्या. तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे सारेच आपल्याला पटणारे नाही, हेही सांगायला हवे. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता, आणि मिस मेयो यांच्या ज्या पुस्तकाने देश संतापला, त्याची त्यांनी पाठराखण केली. म्हणूनच बहुधा आपल्या गावाला त्यांचा विसर पडला. लंडनच्या लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसला. नाशिकमध्ये त्यांचे नाव मला विचारावे लागले ते माझ्या सुनेला.

आता प्रायश्चित्ताचे. माझी सून सात वर्षे वकिली करते. शहरातल्या एका मोठ्या वकिलांच्या पेढीत ती आहे. रात्र-रात्र जागून कागद ती तयार करते, आणि तारखेला बोलायला उभा राहतो तिच्यामागून आलेला मुलगा. पक्षकारांना बाई वकील नको असतात, असे तिला तेथे सांगतात. मी त्या पेढीवर फार रागावत असे.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या सभागृहाच्या भाडेकराराचे प्रकरण कोर्टात गेले. वकील कोण द्यावा, यासाठी कार्यकारिणी बसली. कुणीतरी एका स्त्री वकिलाचे नाव सुचवले. तेव्हा मीच म्हटले, की प्रकरण नाजूक आहे, एखादे पोक्त गृहस्थच पाहावेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी मी हे सहज घरी सांगितले. सून काही बोलली नाही. माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला कॉर्नेलियाबाईंचे चरित्र वाचायला आणून दिले. त्या पेढीला बाई नको असलेला पक्षकार कोण, ते मला त्या दिवशी कळले. ती मीच होते.

म्हणून कार्यकारिणीकडे मी लेखी अर्ज दिला आहे. आपल्या प्रकरणात पुढच्या तारखेपासून स्त्री वकील उभी राहावी. माझ्या सुनेला काम द्या, असे मी म्हणत नाही. घरचे नाते मध्ये नको, म्हणून तिने स्वतःच नकार दिला आहे. गावात दुसऱ्या हुशार मुली पुष्कळ आहेत. आणि भगिनींनो, मृत्युपत्रासाठी, घराच्या कागदांसाठी आपण वकिलाकडे जातो, तेव्हा एवढेच विचारावे, की हे कागद कुणी तयार केले? एखाद्या मुलीने केले असतील, तर बोलायलाही तिलाच उभे करा, असे सांगावे. फी आपण देतो. आपले म्हणणे त्यांना ऐकावेच लागेल.