गुरुदेव रानडे : अभ्यासाने मन घडविणारा तत्त्वज्ञ

कोल्हापूरजवळच्या कणेरी येथील सिद्धगिरी मठ हे काडसिद्धेश्वरांचे प्राचीन स्थान. तेथील सिद्धपुरुषाकडून निंबरगीच्या नारायणरावांना नाममंत्र लाभला, असे इंचगिरी संप्रदायाची परंपरा मानते. निंबरगी महाराजांकडून तो जत तालुक्यातील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडे आला आणि त्यांच्याकडून एका शाळकरी मुलाकडे. तो मुलगा म्हणजेच पुढे गुरुदेव म्हणून ओळखले गेलेले प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे.

रानडे यांचा जन्म 3 जुलै 1886 रोजी जमखंडी येथे झाला. 1901 मध्ये भाऊसाहेबांनी त्यांना नाम दिले. पुढच्याच वर्षी मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते गणित शिकले. मात्र तरुणपणीच क्षयासारख्या दुर्धर व्याधीने त्यांना गाठले. त्या काळी या रोगावर प्रभावी औषध नव्हते. बुद्धीचा अभिमान असलेल्या या तरुणापुढे प्रश्न उभा राहिला : शरीर साथ देत नसताना मनाने कशाचा आधार घ्यावा? या काळात ते गुरूंनी दिलेल्या नामाकडे अधिक निष्ठेने वळले.

भाऊसाहेबांची शिकवण साधी, पण कठोर होती. ठरावीक वेळी, एका आसनावर, श्वासाबरोबर मनातल्या मनात नामस्मरण करायचे. मन भरकटले की त्याला पुन्हा नामावर आणायचे. हा मुंगीच्या पावलांचा मार्ग. त्यात चमत्काराची घाई नाही. नेम मात्र चुकवायचा नाही. शोक, भय आणि चिंता एका दिवसात नाहीशा होत नाहीत. मात्र रोजच्या अभ्यासाने त्यांच्याकडे स्थिर दृष्टीने पाहण्याचे बळ येते.

फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत असताना 1920 च्या सुमारास रानडे पुन्हा गंभीर आजारी पडले. पुढे त्यांनी विजापूर जिल्ह्यातील निंबाळ येथे आश्रम उभारला. 1926 मध्ये उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1927 मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुखपद भूषविले आणि काही काळ कुलगुरुपदाची धुराही वाहिली. ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा मराठी संतांवरील ग्रंथ 1933 मध्ये आला. सुट्टी लागली की प्राध्यापक निंबाळचे साधक होत.

ध्यान म्हणजे विचाराला सुट्टी, हे रानडे यांना मान्य नव्हते. खऱ्या अनुभवात बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती या तिन्हींचा विकास व्हावा आणि त्याची कसोटी माणसाच्या आचरणात लागावी, असे ते मानीत. म्हणूनच त्यांचे लेखन श्रद्धावंतांना जितके जवळचे वाटते, तितकेच चिकित्सकांनाही.

6 जून 1957 रोजी निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. भाऊसाहेबांचेच दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांच्यामुळे हा प्रवाह निसर्गदत्त महाराजांपर्यंत आणि पुढे परदेशातही पोहोचला.

आज मनःशांतीसाठी अनेक पद्धती शिकविल्या जातात. व्याधी असेल तर वैद्याकडे जावे. ध्यान हा उपचाराचा पर्याय नव्हे. मात्र रोज थोडा वेळ, ठरल्या जागी, न कंटाळता बसणे कोणालाही शक्य आहे. अस्थिर मनाला नेमाचा किनारा हवा असतो. व्याधीशी झगडत विद्वत्ता आणि साधना दोन्ही सांभाळणाऱ्या रानडे यांचे जीवन हेच सांगते.