वेण्णेच्या उगमावर मंदिर उभारणारा राजा सिंघण कोण होता?

मेढ्याजवळून वाहणारी वेण्णा येते महाबळेश्वरातून. तिथल्या जुन्या क्षेत्रात पंचगंगा मंदिर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी तिथे दगडी गोमुखातून कुंडात पडतं.

हे मंदिर बांधण्याचं श्रेय दिलं जातं देवगिरीच्या यादव राजा सिंघणला.

सिंघण हा राजा जैतुगीचा मुलगा. इ.स. १२१० च्या सुमारास तो गादीवर आला. तेव्हा साताऱ्याचा डोंगरी भाग पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाकडे होता. मेढ्याजवळचा वैराटगडही भोजानेच बांधला असं मानतात. सिंघणने भोजाला हरवलं आणि शिलाहारांचं हे राज्यच संपवलं. पुढे दक्षिणेत होयसळांशी लढला, उत्तरेत गुजरात-माळव्यावर स्वाऱ्या केल्या.

पण गडी फक्त लढवय्या नव्हता. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शारंगदेव त्याच्या आश्रयाला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव त्याचा राजज्योतिषी. शिखर शिंगणापूरचं नावही सिंघणवरून पडलं असं सांगतात.

मुलगा आधीच वारल्यामुळे १२४६ च्या आसपास सिंघणनंतर नातू कृष्ण राजा झाला. १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत यादवांचं राज्य बुडालं.

मंदिर मात्र टिकलं, कारण नंतर आलेल्यांनी ते आपलं मानलं. जावळीच्या मोऱ्यांनी जीर्णोद्धार केला. १६६५ ला शिवरायांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली तीही महाबळेश्वरातच.

सिंघणने जिंकलेला मुलुख गेला. गोमुखातलं पाणी आजही वाहतंय.