पैलवान खाशाबा जाधव : ऐन भराचे वर्ष कोणते?



चैत्र लागला की आपल्या नगर जिल्ह्यात गावोगाव यात्रा सुरू होतात. पहिल्या दिवशी देवाचा छबिना आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. रेवडीवरच्या चिमुकल्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हलगी थांबत नाही. हगामा संपला की पारावर वाद रंगतो. अमका पैलवान ऐन भरात असता तर तमक्याला हटला नसता, असे म्हातारे सांगतात आणि पोरं ऐकत बसतात. असाच एक वाद खाशाबा जाधवांवरून नेहमी होतो. त्यांचा ऐन भराचा काळ कोणता? १९४८ चा, १९५२ चा, की त्यानंतरचा? मी या वादात बऱ्याचदा बसलो आहे. म्हणून आज त्यांचे चरित्रच तुमच्यापुढे मांडतो. मग तुम्हीच ठरवा.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यातील गोळेश्वर या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे अगदी लहानपणीच अंगाला तांबडी माती लागली. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगतांना मदत केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे तालमींचे गाव. तिथे त्यांची कुस्ती पक्की झाली. अंगाने ते धिप्पाड नव्हते, पण चपळ फार. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याला कळायच्या आत ते त्याला उचलून टाकीत.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि बावीस वर्षांचे खाशाबा परदेशी गेले. तिथे कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो सरकतो. नियमही निराळे. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपते, तिथे गुण मोजतात. गेल्या वर्षी, म्हणजे... नव्हे, नेमकेच सांगतो, २०२५ च्या सुरुवातीला आपल्या अहिल्यानगर शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा माती विभाग आणि गादी विभाग असे दोन वेगळे विभाग तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. खाशाबांच्या वेळी गादीचा सराव करायला खेड्यात गादीच नव्हती. तरीही ५२ किलो वजनगटात ते जगात सहावे आले. एक गट म्हणतो, हाच त्यांचा खरा भर. कारण काही हाताशी नसताना ते इथवर पोचले.

पण खाशाबांना सहावा नंबर पुरेसा वाटला नाही. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे मेहनत वाढवली. जोर, बैठका, लढती. आता ते ५७ किलोच्या गटात लढू लागले. वजन वाढले की प्रतिस्पर्धीही जड आणि ताकदीचे मिळतात, हे ध्यानात ठेवा.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशात हेलसिंकीला होते. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. मग खाशाबा दारोदार फिरले. गावकऱ्यांनी, कराडच्या दुकानदारांनी जमेल तेवढे दिले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात सात हजार म्हणजे केवढी रक्कम! आपल्या विद्यार्थ्यासाठी गुरूने घर गहाण टाकावे, याहून मोठा विश्वास कोणता?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. ते हरले फक्त दोघांकडून. एक जपानचे इशी आणि दुसरे सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव्ह. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, ती त्यांना मिळाली नाही, असे सांगतात. त्यांच्या बाजूने भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने त्यांना उतरावे लागले. तरी त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतले दुसरे २००८ साली आले.

गावी परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले. मला स्वतःला ही गोष्ट पदकाएवढीच मोठी वाटते.

१९५५ साली ते पोलिस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि जाणे राहून गेले. दुसरा गट म्हणतो, तिथे ते गेले असते तर सोनेच आणले असते. त्यांचा भर तेव्हाच होता, फक्त कुणाला दिसला नाही.

असा वाद जगभर चालतो. गामा पैलवानाचेच पाहा. १९१० साली लंडनला झिबिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळाला त्याच झिबिस्कोला त्याने मिनिटाच्या आत चित केले. म्हणून गामा पन्नाशीत जास्त ताकदवान झाला काय? नाही. झिबिस्कोही तोवर पन्नाशीला टेकला होता. अमेरिकेचा मुष्टियोद्धा मुहम्मद अली १९६४ साली जगज्जेता झाला. सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ ते १९७० त्याला रिंगणाबाहेर ठेवले. पंचवीस ते अठ्ठावीस हे वय, ऐन उमेदीचे, तेच वाया गेले. तेव्हा नुसता निकाल पाहून भर ठरवू नये. समोर कोण होता आणि संधी मिळाली का, हेही पाहावे.

या मापाने मोजले तर माझे मत १९५२ च्या बाजूने पडते. खाशाबांना हरवणाऱ्या दोघांपैकी इशींनी सुवर्ण जिंकले आणि मामेदबेकोव्हनी रौप्य. म्हणजे त्या गटात सबंध जगात त्यांच्या पुढे दोनच माणसे होती, आणि तीही पुरती विश्रांती न मिळता. वय सव्वीस, अनुभव चार वर्षांचा, वजनगट वरचा. १९४८ ला अनुभव कमी होता. १९५६ बद्दल बोलायचे तर जी कुस्ती झालीच नाही तिचा निकाल कसा द्यायचा?

खाशाबा पुढे सहायक पोलिस आयुक्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर. दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला आज त्यांचे नाव आहे आणि त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

मुलांनो, माणसाचा ऐन भर थोडी वर्षेच टिकतो. त्या वर्षांत त्याला गादी लागते, खुराक लागतो आणि त्याच्या बाजूने बोलणारा एखादा माणूस लागतो. खाशाबांना घर गहाण ठेवणारे सर भेटले, पण हेलसिंकीत बोलणारा कोणी भेटला नाही. आपल्या वर्गात कोणी चांगला पळत असेल, कोणी चांगली चित्रे काढीत असेल, तर त्याचे नाव गुरुजींना आजच सांगा. आणि तुमच्या मते खाशाबांचे ऐन भराचे वर्ष कोणते, ते कारणासह वहीच्या पानावर लिहून आणा. पुढच्या अंकात इथेच लावू.