रुळांची रुंदी ठरवणारा लाटसाहेब

भंडाऱ्याच्या माणसाला डलहौसी म्हटले की नागपूरचे गेलेले राज्य आठवते. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३मध्ये निपुत्रिक वारले. दत्तकाला मान्यता मिळाली नाही, आणि १८५४ साली वैनगंगेकाठच्या आपल्या मुलखासह सगळे राज्य खालसा झाले. राजवाड्याचे हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात निघाले. अशा माणसाबद्दल चार शब्द बरे लिहायचे तर लेखणी अडखळतेच. तरीही एका गोष्टीचे श्रेय त्याला द्यावे लागते.

जेम्स रॅम्झे, म्हणजेच लॉर्ड डलहौसी, १८१२ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. हिंदुस्थानात येण्याआधी तो इंग्लंडच्या व्यापार खात्यात होता आणि रेल्वेचे काम त्याच्याकडे होते. तेव्हा तिकडे रुळांच्या रुंदीवरून कंपन्यांचे भांडण पेटले होते. एकीचे रूळ सात फुटी, तर इतरांचे पाच फुटांहूनही कमी. ग्लॉस्टर गावी हे दोन रूळ भेटत आणि तिथे सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. गोंधळ, मोडतोड आणि हमाली या सगळ्याचा भुर्दंड गिऱ्हाइकावर.

१८४८ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गव्हर्नर जनरल झाला. इथे रेल्वे अजून कागदावरच होती. रूळ सहा फुटी असावेत असे त्याचे म्हणणे होते. अखेर पाच फूट सहा इंचांवर तडजोड झाली. पण आकड्यापेक्षा त्याचा खरा आग्रह होता तो देशभर एकच रुंदी असण्याचा. रेल्वे खाजगी कंपन्यांनी बांधावी, चालवावी, नफा कमवावा. रुळाचे माप मात्र सरकारने ठरवावे आणि ते सगळ्यांना सारखे असावे. म्हणजे एकीची वाघीण दुसरीच्या रुळावर बिनतक्रार चालेल. टपालातही त्याने तेच केले. १८५४पासून हलके पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले.

बँकेत पहिले संगणक आले तेव्हा हा आग्रह मला नीट उमगला. एका कंपनीच्या यंत्रातली खाती दुसरीच्या यंत्राला वाचता येत नसत. एकदा घेतले की त्याच दुकानदाराच्या दारात जन्मभर. २०१६ साली यूपीआय आले. आता भाजीवालीचे खाते कुठल्याही बँकेत असो आणि आपल्या मोबाइलवर कोणतेही अ‍ॅप असो, पैसे पोचतात. नियम सामाईक असला की निवड गिऱ्हाइकाच्या हाती राहते. मालकच एक झाला तर काय होते, ते नागपूरकरांना विचारावे!

डलहौसीची पत्नी १८५३ साली मायदेशी जाताना बोटीवरच वारली. स्वतः तो १८५६ साली खंगलेल्या देहाने परतला आणि १८६० साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. पुढच्याच दशकात त्याचा नियम मोडला. खर्च वाचावा म्हणून लॉर्ड मेयोच्या काळात मीटरगेजला परवानगी मिळाली.

त्याचा फटका आपल्या जिल्ह्याला बसला. मुंबईची रुंद गाडी १८६७ सालीच नागपूरला आली होती. पुढे १८८० ते १८८२ या काळात नागपूरहून भंडारा, तुमसर, गोंदियावरून राजनांदगावपर्यंत छत्तीसगडची लाइन झाली, ती मीटरगेज. धानाचा मुलूख रेल्वेला जोडला गेला खरा, पण मुंबईकडे निघालेल्या तांदळाची पोती नागपूरला उतरवायची आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायची. ग्लॉस्टरचा तमाशा जसाच्या तसा आपल्या दारात!

बंगाल नागपूर रेल्वेने १८८७ नंतर ही लाइन घेतली आणि ते रूळ उखडून रुंद रूळ टाकले. १८९१ साली ती आसनसोलपर्यंत जोडली गेली. त्यानंतर तुमसरला भरलेली वाघीण वाटेत न उघडता पश्चिमेला मुंबईकडे किंवा पूर्वेला बंगालकडे नेता येऊ लागली. भाव जिथे बरा, तिकडे.