तीन तासांचं हृदय

लायसन्ससाठी आरटीओचा ऑनलाइन फॉर्म भरताना तुम्हाला एक प्रश्न विचारलेला असतो. अपघातात मृत्यू आला तर अवयवदान करायला तयार आहात का? बरेच जण तो न वाचताच पुढं सरकतात, कारण सगळं लक्ष टेस्टचा स्लॉट कधी मिळतोय याकडं. पण हा प्रश्न आपल्याकडं पहिल्यांदा कुणाला पडला, हे शोधत मागं गेलात तर तुम्ही पोचता मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये. साल १९६८, महिना फेब्रुवारी. आणि तिथं भेटतात डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

जन्म १९१५चा, कोलकात्याचा. नाव बंगाली, पण डॉक्टर घडला तो मुंबईत, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम १९२६ साली सुरू झालं, तेच मुळी इथं शिकवणारे आणि उपचार करणारे सगळे भारतीय असतील या जिद्दीनं. महापालिकेचं हॉस्पिटल, त्यामुळं पेशंट गिरणगावातले, चाळीतले, गावाकडून आलेले. सेन अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून आले आणि याच गर्दीत परत उभे राहिले. पुढं सर्जरीचे प्रमुख झाले.

त्या काळात हृदयाचं ऑपरेशन म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. ऱ्हुमॅटिक तापानं अनेक तरुण पोरापोरींच्या हृदयाची झडप आकसायची. पन्नाशीच्या दशकात सेन आणि त्यांचे सहकारी चालू हृदयात बोट घालून ती झडप मोकळी करायचे. डोळ्यांनी काही दिसायचं नाही, बोटालाच काय ते कळायचं. हृदय उघडून आत बघायचं तर रक्त थांबवायला हवं, म्हणून १९५६ साली त्यांनी पेशंटचं शरीर थंड करून, हाताशी असलेल्या मोजक्या मिनिटांत हृदयाच्या पडद्यातलं भोक बंद केलं. मग हार्ट-लंग मशीन आलं, पण ते इथं चालतं करायलाच कैक वर्षं गेली. परदेशातलं यंत्र विकत आणलं की काम झालं, असं नसतं. ते चालवणारी माणसं, रक्त, सुटे भाग, सगळंच उभं करावं लागतं.

मला स्वतःला त्यांचा सगळ्यात भन्नाट वाटलेला उद्योग वेगळाच आहे. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फारशा नसतात. हृदयाच्या कप्प्यातलं रक्त थेट स्नायूतच झिरपतं. सेन यांच्या डोक्यात आलं, माणसाच्या धमन्या तुंबल्या तर त्याच्याही हृदयाला अशीच भोकं का पाडू नयेत? त्यांनी सुयांनी टोचून तशी भोकं पाडली, आधी कुत्र्यांच्या हृदयाला, मग पेशंटच्या. काही दशकांनी हीच कल्पना अमेरिकेत लेझरच्या रूपात परत आली, तेव्हा जुने कागद चाळणाऱ्यांना सेन यांचं नाव सापडलं.

असा माणूस प्रत्यारोपणाच्या वाटेला गेला नसता तरच नवल. अमेरिकेइतकाच त्यांचा डोळा सोव्हिएत रशियाकडंही होता. तिथं डेमिखोव्ह नावाचा संशोधक कुत्र्यांची हृदयं बदलत होता. सेन यांच्या टीमनंही परळच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर तोच सराव चालवला. १९६५ मध्ये केईएममध्ये मृत व्यक्तीचं मूत्रपिंड बसवून झालं होतं. तो पेशंट वाचला नाही.

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसात बसवलं. जगभर एकच गाजावाजा झाला. त्यानंतर तीन महिने पूर्ण व्हायच्या आत सेन यांनी ते मुंबईत केलं. बर्नार्ड, कँट्रोविट्झ, शमवे आणि चौथे सेन. आशियातले पहिले. जगातलं एकूण सहावं हृदय प्रत्यारोपण एका महापालिकेच्या हॉस्पिटलात झालं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

हृदय होतं ट्रेनमधून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणीचं. ते मिळालं सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाला. वयं बघा, आपल्याच आसपासची. शिवलेलं हृदय धडधडायला लागलं. आणि साधारण तीन तासांनी थांबलं. त्या तरुणाच्या फुप्फुसातला रक्ताचा दाब आजारानं आधीच वाढलेला होता. नव्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला तो पेलवला नाही. सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो पेशंट चौदा तास जगला. त्यानंतर त्यांनी हृदय प्रत्यारोपण केलं नाही.

घाई केली का त्यांनी? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि मला तो रास्त वाटतो. फुप्फुसातला दाब वाढलेला पेशंट निवडणं ही चूक आज कुठलाही सर्जन टाळेल, पण तेव्हा ती कळायला कुणाचा तरी जीव जावा लागला. हे वाचून अस्वस्थ वाटतं, आणि वाटायलाच हवं. मात्र सगळं खापर मुंबईवर फोडू नका. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभरावर हृदयं बदलली गेली, त्यातले बहुतेक पेशंट काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले. पुढच्या दोन-तीन वर्षांत जवळपास सगळ्यांनीच हात आखडते घेतले.

दुसरी अडचण शस्त्रक्रियेची नव्हतीच. माणूस मेला कधी म्हणायचं? हृदय थांबलं की, असं आजोबा-पणजोबांपासून आपण मानत आलो. पण ज्याचं हृदय बसवायचं, त्याचं हृदय चालू असेल तर? मेंदू कायमचा बंद पडला म्हणजे मृत्यू, अशी व्याख्या हार्वर्डच्या समितीनं मांडली ऑगस्ट १९६८ मध्ये. सेन यांचं पहिलं ऑपरेशन त्याच्या सहा महिने आधीचं. म्हणजे त्या फेब्रुवारीत आधार घ्यायला भारतात कायदा नव्हता, आणि जगातही सर्वमान्य व्याख्या नव्हती.

हाच पेच लिव्हरचाही. आपल्याकडं मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की लिव्हर मिळतं आणि प्रेमभंगात तुटतं तेही काळीजच, त्यामुळं मराठी माणसाला हे दोन अवयव जवळचे वाटायला हरकत नाही! रक्ताभिसरण थांबलं की यकृत झपाट्यानं खराब होतं, म्हणून ते ब्रेन डेड दात्याकडूनच मिळालेलं बरं. नाहीतर जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा, जो दोघांच्याही पोटात पुन्हा वाढतो. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये पहिलं यकृत बसवलं, तेव्हा ते लहान मूल टेबलावरच रक्तस्रावानं गेलं. सुरुवातीच्या अपयशांनंतर ते काही वर्षं थांबले आणि १९६७ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्यांना हे जमलं, कारण त्यांच्यामागं पैसा होता, मोठी टीम होती आणि पुढं कायदाही आला. सेन यांना यातलं फार थोडं मिळालं. १९६९ मध्ये पद्मभूषण मात्र मिळालं.

ते १९८२ मध्ये गेले. तेव्हाही भारतात ब्रेन डेथला कायद्याची मान्यता नव्हती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेत मंजूर झाला १९९४ मध्ये, आणि सुरुवातीला तो लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय बदललं आणि पेशंट जगला. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं १९९८ मध्ये. आज आपल्या भागातल्या ब्रेन डेड दात्याचे अवयव कुणाला द्यायचे, हे पुण्याच्या समन्वय केंद्राची यादी ठरवते, आणि कोल्हापुरातूनही ग्रीन कॉरिडॉर करून अवयव पुण्याकडं गेले आहेत.

मुंबईला मात्र वाट बघावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या एका दात्याचं हृदय मुलुंडच्या खासगी हॉस्पिटलात पोचलं, आणि सेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी मुंबईत हृदय प्रत्यारोपण यशस्वी झालं. खुद्द केईएममध्ये ते पुन्हा झालं जुलै २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी.