पंडित भगवानलाल इंद्रजी व नाणेघाटांतील आंकडे

शाळेच्या घड्याळाच्या तबकडीवर एक ते बारा हे आंकडे पुष्कळदां रोमन अक्षरांनीं लिहिलेले असतात. लहान इयत्तेंत ते आपण पाठ करतों: आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पांच, एक्स म्हणजे दहा, एल म्हणजे पन्नास, सी म्हणजे शंभर, डी म्हणजे पांचशें आणि एम म्हणजे हजार. मोठ्या अक्षरामागून लहान अक्षर आलें तर बेरीज करावी, लहान अक्षर मोठ्याच्या आधीं आलें तर वजाबाकी करावी, एवढा नियम ध्यानांत ठेवला कीं संख्या उलगडते. परंतु ही किल्ली कोणीं आपल्या हातीं दिलीच नसती तर? चिन्हें समोर आहेत, पण त्यांचें मोल सांगणारा कोणी उरलेला नाहीं, अशा वेळीं काय करावें? आपल्या जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटांत हाच प्रश्न विद्वानांपुढें उभा होता. तो सोडविण्यांत ज्यांचा मोठा वांटा आहे त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजीं काठेवाडांतील जुनागड येथें एका नागर ब्राह्मण कुटुंबांत झाला. घरीं संस्कृत विद्या व वैद्यक यांची परंपरा होती. इंग्रजी शिक्षण मात्र त्यांच्या वाट्यास आलें नाहीं. जुनागडहून गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट् अशोक, क्षत्रप रुद्रदामन् आणि गुप्त सम्राट् स्कंदगुप्त यांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. शेंकडों यात्रेकरू त्या शिळेजवळून जात. तीं अक्षरें कसलीं, हें त्यांस ठाऊक नसे. या मुलास मात्र त्या अक्षरांनीं वेड लाविलें. जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ च्या सुमारास कलकत्त्यास ब्राह्मी लिपी उलगडली होती. तिच्या वर्णमालेचा तक्ता हातीं येतांच भगवानलाल यांनीं त्याच्या आधारें गिरनारचे लेख वाचण्याचा अभ्यास आरंभिला. ना शाळा, ना गुरु; एक तक्ता आणि एक शिळा, एवढीच त्यांची सामग्री होती.

त्यांची ही आवड 'रासमाला' या ग्रंथाचे कर्ते किन्लॉक फार्बस यांच्या कानीं गेली. फार्बस साहेबांच्या शिफारशीनें १८६१-६२ च्या सुमारास ते मुंबईस डॉक्टर भाऊ दाजी लाड यांजकडे आले. भाऊ दाजी हे नामांकित वैद्य तर होतेच, शिवाय प्राचीन इतिहासाचे मोठे अभ्यासक होते. त्यांस लेखांच्या बिनचूक नकला हव्या होत्या, आणि त्या उतरून आणणारा माणूस त्यांस भगवानलाल यांच्या रूपानें मिळाला. अजिंठ्यापासून नेपाळापर्यंत पंडितांनीं प्रवास केला. १८७४ सालीं भाऊ दाजी निवर्तले आणि पंडितांचा आश्रय तुटला. पदवी नाहीं, इंग्रजी नाहीं, पाठीराखा नाहीं, अशा स्थितींत दुसरा कोणी असता तर हें काम सोडून पोटाच्या उद्योगास लागता. पंडितांनीं तें सोडलें नाहीं, आणि नाणेघाटांतील आंकड्यांवरील त्यांचा निबंध याच दिवसांतील आहे.

नाणेघाट जुन्नरहून सुमारें २० मैलांवर आहे. कोंकणांतील कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरवरून पैठणाकडे नेण्याचा हा जुना मार्ग. घाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं पडत असें लोक सांगतात. तेथील लेण्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेच्या वेळचा मोठा लेख आहे. त्यांत यज्ञांची नांवें, आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नांवाचीं नाणीं यांचा हिशोब आहे. एका यज्ञांत १,७०० गाई व १० हत्ती दिले, दुसऱ्या एका ठिकाणीं २४,४०० कार्षापण वांटले, अशी ती नोंद आहे.

आपल्या बेल्ह्याचा बैलबाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. गुरांच्या बाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची जुनी रीत आहे. कोणतें बोट किती रुपयांचें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या हातांत हात देऊनही उपयोग नसतो. नाणेघाटच्या आंकड्यांचें तसेंच झालें होतें. दान लिहिलेलें होतें, पण तें किती, हें वाचतां येत नव्हतें.

यावरची युक्ति नाशिकच्या पांडवलेण्यांत सांपडली. तेथें क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांत संख्या आधीं शब्दांनीं लिहून पुढें तिचें चिन्ह दिलें आहे. 'तीन हजार' हे शब्द वाचतां आले कीं लगतचें चिन्ह तीन हजारांचें, हें उघड होतें. त्या तीन हजारांपैकीं दोन हजार एका विणकर श्रेणीकडे व एक हजार दुसरीकडे ठेवले असेंही पुढें लिहिलें आहे. म्हणजे बेरजेनें ताळा पाहतां येतो. दुसऱ्या ठिकाणीं पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या दरानें सत्तर हजार कार्षापण दिल्याचें सांगितलें आहे. भागाकार केला तर बरोबर दोन हजार सुवर्ण येतात. मिशनरी पंडित रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन आणि पुढें भाऊ दाजी यांनीं लेण्यांतील आंकड्यांवर परिश्रम केले होते. तीच वाट भगवानलाल यांनीं पुढें नेली, आणि १८७६ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत नाणेघाटच्या आंकड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या निबंधांत यांतील पुष्कळ चिन्हें मुळीं अक्षरेंच आहेत असें त्यांनीं दाखविलें. रोमन लोकांप्रमाणें आपल्याकडेही अक्षरांस संख्येचें मोल होतें, हें पाहून कोणास मौज वाटणार नाहीं?

दोन्ही रीतींत शून्य नाहीं. चिन्हांचीं मोलें जुळवूनच संख्या होते. परंतु भेदही आहे. २८९ ही संख्या रोमन रीतीनें लिहावयाची तर सी, सी, एल, एक्स, एक्स, एक्स, आय, एक्स अशीं आठ अक्षरें लागतात. नाणेघाटच्या रीतींत दोनशें, ऐंशीं व नऊ अशीं तीनच चिन्हें पुरतात. शंभराच्या चिन्हास सातांचें चिन्ह जोडलें कीं सातशें होतात, आणि हजाराचें तसेंच. वजाबाकीचें काम कोठेंच पडत नाहीं. याच ब्राह्मी आंकड्यांपासून पुढें आपले देवनागरी आंकडे निघाले, आणि अरबांच्या द्वारें युरोपासही आंकडे मिळाले.

पंडित गुजरातींत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे विद्वान् तें इंग्रजींत उतरवीत. १८८२ सालीं सोपारा येथील स्तूप त्यांनीं खणून काढला. ज्यानें इंग्रजी शाळा पाहिली नव्हती, त्यास हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. १६ मार्च १८८८ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, मुंबईस त्यांचें देहावसान झालें. आयुष्यभर जमविलेलीं नाणीं व मथुरेचा प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष त्यांनीं मृत्युपत्रानें ब्रिटिश म्यूझियमास दिला.

गणिताच्या तासास उत्तर काढून वही मिटण्याची आपणांस घाई असते. ताळा पाहण्याचा कंटाळा येतो. पंडितांचें सारें यश त्या ताळ्यांत होतें. शब्दांशीं चिन्ह ताडून पाहिलें, एका लेण्यांतील चिन्ह दुसऱ्या लेण्यांतल्याशीं ताडून पाहिलें, आणि जुळलें तेव्हांच तें खरें मानलें. विद्यार्थिमित्रहो, सुटींत नाणेघाटीं गेलांत तर रांजण पाहून परतूं नका. लेण्यांत जाऊन तो लेख पाहा, आणि आपलें नांव तेथें कोरण्याचा मोह आवरा. आधींच तो पुष्कळ झिजला आहे. एक रेघ अधिक ओढली गेली तर कोणत्या राणीनें किती गाई दिल्या हें सांगणारें चिन्ह कायमचें मुकें होईल, आणि तें पुन्हां बोलकें करावयास भगवानलाल येणार नाहींत.